डावा हात

जिनिंगच्या मागच्या पत्र्याखाली
सरकीच्या पोत्यांआड ती उभी होती,
चार विटांवर, चाकांशिवाय.
मागच्या सीटवर कोंबडी, अंड्यांवर बसलेली.
मालक म्हणाला, किलोवर न्या.
मी म्हटलं, कोंबडी उठेपर्यंत थांबतो.
एकवीस दिवस थांबलो.

बेबी हिंदुस्तान, चोपन्न सालची.
हुस्नोद्दीन पिंजारींनी बॉनेटवर कान ठेवला,
वैद्य ठेवतो तसा, डोळे मिटून.
"भाऊ, हाई मरेल नई शे.
झोपेल शे."

रंग खरवडत गेलो.
वर पांढरा, कुठल्यातरी निवडणुकीतला.
खाली निळा. मग लांबी, मग गंज.
आणि बिजागरीच्या आत, जिथे आपलं ऊनसुद्धा पोचलं नव्हतं,
नखाएवढा पिस्ता.
तो कपचा पाकिटात घालून धुळ्याला गेलो.
रंगवाला म्हणाला, हा आता येत नाही.
म्हटलं, मी बसतो.

रिंगा कोईमतूरच्या, काच मालेगावची.
एक हबकॅप भुसावळला मिळाली, म्हशीच्या गोठ्यात,
तिच्यात तो बाबा सरकी पेंड भिजवायचा.
त्याला नवं घमेलं दिलं, वर चहा पाजला,
तरी तो शेवटपर्यंत
वेड्याला फसवल्यासारखा हसत होता.

पावत्या पंचांगात लपवायचो.
कुमुदिनीला अमावास्या बघताना सापडल्या.
तिने बेरीज केली. चष्मा काढला.
"एवढं झालंच आहे, तर हॉर्न पण बसवा.
माहेरी मुकी कशी न्यायची?"

वळायला दिवे नाहीत हिला. हात आहेत.
दोन दारांमधल्या खांबात लपलेले,
वीतभर, केशरी;
खटका दाबला की वर येणारे,
उत्तर येत असलेल्या पोरीसारखे.
उजवा यायचा.
डावा नाही.
हुस्नोद्दीननी उघडला, अमळनेरच्या घड्याळजीने उघडला,
मी रात्री दोनला उघडला.
रॉकेल, ग्रीस, शिव्या, एक नवस.
शेवटी डावं वळण आलं की
कुमुदिनीच खिडकीतून हात काढायची,
बांगड्या वाजवत,
आणि मागचा ट्रॅक्टर शहाण्यासारखा थांबायचा.

मे महिना. चोपड्याहून परत येत होतो,
डिकीत तिच्या आईचे पापड, मागे लोणच्याच्या दोन बरण्या.
बॉनेटवर बामणोदचं वांगं ठेवलं असतं
तर तापीच्या पुलापर्यंत भरीत झालं असतं.
पुलावरच ती थांबली.
पेट्रोलची वाफ झालेली, नळीतल्या नळीत.
पंप रिकामाच टिकटिकत होता,
घाईघाईने,
तोंड कोरडं पडलेल्या माणसासारखा.

छागल तर आम्हीच पिऊन संपवलेली.
एक केळीचा ट्रक थांबला. ड्रायव्हर उतरला.
काय झालं, विचारलं नाही. नुसतं "वाफ?" म्हणाला.
त्याच्या बापाकडे टॅक्सी होती यावलला.
त्याने मागून केळीचं सोपट ओढलं, गार, पाण्याने भरलेलं,
आणि नळीभोवती गुंडाळलं,
भाजलेल्या बोटाला गुंडाळावं तसं.
आम्ही तिघं वाकून ऐकत राहिलो.
टिकटिक, टिकटिक.
टिक.
टिक.
भरली.
पैसे नको म्हणाला. एकदा हॉर्न वाजवू द्या.
वाजवला. दोनदा.

पुढे धरणगावचा फाटा.
आम्हाला सरळ जायचं होतं.
रस्त्यात खड्डा आला, गाडी उडाली,
आणि खाड्‌कन
डावा हात वर.
कुमुदिनी म्हणाली, "अगोबाई."
मी खटका पाडला. हात तसाच.
थोपटला, दाबला. हात तसाच.
मागचा रिक्षावाला वैतागून ओरडला,
वळायचं तर वळा ना काका!

मग वळलो.

जिनिंगच्या जागी आता चुन्याच्या रेषा,
प्लॉट नंबर रंगवलेले दगड,
कुठेतरी इथेच त्या चार विटा.
इंजिन बंद केलं. कोणी काही बोललं नाही.
नळीवरचं सोपट वाळून तपकिरी झालं होतं.
हात अजून वरच होता,
आणि त्याच्या शेजारी, खिडकीबाहेर,
सवयीने काढलेला
दुसरा, बांगड्यांचा.
"चला," ती म्हणाली, "लोणचं तापतंय."
पण हात आत घेतला नाही तिनेही.